जडीबुटीच्या मालावरील शुल्क : भाव विचारण्याआधी पन्हा पाहा

आमचा धंदा कापडाचा. घणसोली गावात दुकान आहे, माल भिवंडी आणि मालेगावहून येतो. तेव्हा कापडवाल्याने हकिमी दवांवर, अर्कांवर आणि जडीबुटींवर का लिहावे, असा प्रश्न वाचक बांधवांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

काही महिन्यांपूर्वी आमच्या ओळखीचे एक दवासाज संध्याकाळी दुकानावर आले. त्यांचे वडीलही हेच काम करीत. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा एक छोटा गाळा आहे. माजून, खमीरा, दोन-तीन अर्क, एक चूर्ण, असे एकूण ११ जिन्नस ते परवाना घेऊन बनवतात. वर्षाची विक्री ५० लाखांच्या आतली. हातात एक कागद होता आणि चेहरा उतरलेला होता. कोणा सल्लागाराने त्यांना सांगितले होते की, जडीबुटी वापरणाऱ्या प्रत्येकाला आता सरकारला खरेदीच्या ३ ते ५ टक्के रक्कम द्यावी लागेल, मागची बाकीही निघेल आणि हे सर्व मिटवून देण्यासाठी त्या सल्लागाराची फी वेगळी. आमचे मित्र म्हणाले, "भाई, अर्धे जिन्नस बंद करावे म्हणतो. वडिलांच्या नुस्ख्याचे दोन अर्क तर पहिल्यांदा जातील."

आम्ही त्यांना एवढेच विचारले, "हा नियम कोणत्या साली निघाला, आणि टक्का कशावर धरायचा?" त्यांना ठाऊक नव्हते. सल्लागाराने सांगितले नव्हते. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून कागद वाचायला घेतले. त्यातून जे समजले ते आपल्या कारागीर आणि व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. कायद्याची भाषा आम्हालाही जड जाते. पण हिशेबाची भाषा प्रत्येक व्यापाऱ्याला येते, आणि शुल्काचा प्रश्न शेवटी हिशेबाचाच आहे.

शुल्क आणि कर यांतला फरक

आपल्याकडे लोक कर आणि शुल्क एकाच अर्थाने बोलतात. धंद्याच्या दृष्टीने मात्र दोहोंत मोठा फरक आहे. जीएसटी हा कर. तो आपण गिऱ्हाइकाकडून घेतो आणि सरकारात भरतो. माल विकला गेला तरच तो द्यावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदिक आणि युनानी औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याचा फरक थेट गिऱ्हाइकाच्या बिलात दिसला.

शुल्काचे तसे नाही. परवान्याचे शुल्क, नोंदणीचे शुल्क, तपासणीचे शुल्क हे बहुतेक वेळा माल विकण्याच्या आधीच गल्ल्यातून जाते. माल खपो वा पडून राहो, भरलेले परत येत नाही. बिलावर त्याची वेगळी ओळ नसते, म्हणून गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. किंमत वाढवली तर दुकानदार विचारतो, "का वाढवली?" आणि न वाढवली तर नफ्यातून जाते. म्हणून "शुल्क तर थोडेच आहे" असे कोणी म्हणाले तर लगेच मान डोलावू नये.

चार प्रकारची मोजपट्टी

कापडाच्या धंद्यात नवखे गिऱ्हाईक मीटरचा भाव विचारते. जाणकार आधी पन्हा विचारतो. ८० रुपये मीटरचे ३६ इंच पन्ह्याचे कापड हे ९० रुपये मीटरच्या ५८ इंची कापडापेक्षा महाग असते, हे ज्याला कळते तो फसत नाही. शुल्काचेही तसेच आहे. आकडा किती, हा दुसरा प्रश्न. तो आकडा कशावर मोजायचा, हा पहिला प्रश्न. नैसर्गिक औषधे आणि खाद्यपूरक मालावर जगभर जी शुल्के लागतात ती साधारण चार प्रकारे मोजली जातात.

पहिला प्रकार जागेवर. एका कारखान्याला एक परवाना, त्याचे ठरावीक शुल्क. कारखाना १०० मजुरांचा असो की ३ मजुरांचा, रक्कम तीच.

दुसरा प्रकार जिन्नसावर. प्रत्येक उत्पादनामागे वेगळे शुल्क. जितके जिन्नस, तितक्या पट.

तिसरा प्रकार विक्रीवर. वर्षाच्या विक्रीचा काही टक्का. जास्त विकले तर जास्त, कमी विकले तर कमी.

चौथा प्रकार कच्च्या मालाच्या खरेदीवर. जडीबुटी किती रुपयांची घेतली, त्याचा टक्का.

यांत दुसरा प्रकार लहान दवासाजाला सर्वांत जड जातो. ते समजण्यासाठी एक हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. समजा, दर जिन्नसामागे वर्षाला २,००० रुपये शुल्क लागले. एका मोठ्या कंपनीचा एक जिन्नस वर्षाला १५ लाखांचा खपतो. तिला हे शुल्क शंभर रुपयांमागे साधारण १३ पैसे पडते. आपल्या कारागिराचा एखादा अर्क वर्षाला १५,००० रुपयांचाच खपतो. त्याला तेच शुल्क शंभर रुपयांमागे १३ रुपयांहून अधिक पडते. त्या अर्कावर त्याला २० टक्के नफा सुटत असेल तर ३,००० रुपये मिळतात, त्यांतले २,००० शुल्कात जातात. उरलेल्या १,००० रुपयांसाठी भट्टी कोण पेटवणार? तो अर्क यादीतून जातो.

हकिमी आणि आयुर्वेदिक धंद्याचे वैशिष्ट्यच असे की जिन्नस पुष्कळ आणि प्रत्येकाचा खप थोडा. दोन-तीन जिन्नसांवर घर चालते, बाकीचे जुने गिऱ्हाईक मागते म्हणून ठेवावे लागतात. जिन्नसामागे शुल्क लावले की ही मागची फळी आधी तुटते. पुढे तो नुस्खा बनवणारा हातही राहत नाही.

जैवविविधता कायद्याचा धडा

आता आमच्या मित्राच्या हातातल्या कागदाकडे वळू. तो जैवविविधता कायद्याविषयी होता. हा कायदा २००२ सालचा. वनस्पती, प्राणी आणि त्यांच्याविषयीचे ज्ञान यांचा व्यापारासाठी उपयोग होतो, तेव्हा त्या नफ्यातला काही वाटा जंगल राखणाऱ्या आणि ते ज्ञान सांभाळणाऱ्या लोकांकडे परत जावा, हा त्याचा हेतू. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. या कामासाठी चेन्नईला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण आहे. आपल्या राज्यासाठी नागपूरला महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ आहे.

वाटा किती द्यायचा, याची मार्गदर्शक तत्त्वे २१ नोव्हेंबर २०१४ रोजी निघाली. त्यांत दोन मार्ग होते. एक मार्ग खरेदीवर : व्यापाऱ्याने खरेदी किमतीच्या १ ते ३ टक्के आणि उत्पादकाने ३ ते ५ टक्के द्यावे. दुसरा मार्ग विक्रीवर : वर्षाची कारखाना-किमतीतील विक्री १ कोटीपर्यंत असेल तर ०.१ टक्का, १ ते ३ कोटी असेल तर ०.२ टक्का आणि ३ कोटींच्या वर ०.५ टक्का.

या दोन मार्गांत केवढा फरक पडतो ते पाहा. कारागिराची विक्री ५० लाख आणि जडीबुटीची खरेदी १५ लाख धरू. विक्रीच्या मार्गाने ०.१ टक्का म्हणजे ५,००० रुपये. खरेदीच्या मार्गाने ३ ते ५ टक्के म्हणजे ४५,००० ते ७५,००० रुपये. माणूस तोच, माल तोच, कायदा तोच. मोजपट्टी बदलली की रक्कम ९ ते १५ पट. आमच्या मित्राला सल्लागाराने नेमका खरेदीचा मार्ग सांगितला होता. विक्रीचा मार्गही होता, हे सांगितलेच नव्हते.

आणखी एक बारीक गोष्ट. टक्क्यांचे टप्पे असतात तेव्हा वरचा टक्का फक्त वरच्या रकमेवर लागतो की सगळ्या विक्रीवर, हे विचारून घ्यावे. सगळ्या विक्रीवर लागत असेल, तर १ कोटीच्या विक्रीला ०.१ टक्क्याने १०,००० रुपये आणि १ कोटी १ लाखाच्या विक्रीला ०.२ टक्क्याने २०,२०० रुपये होतात. म्हणजे लाखभर विक्री वाढली तर १०,२०० रुपये अधिक. अशा वेळी धंदा वाढवणाऱ्यालाच दंड झाल्यासारखे होते.

हा वाटा भारतीय कंपन्यांनी द्यायचा की फक्त परदेशी कंपन्यांनी, यावरून वाद झाला. दिव्य फार्मसी या कंपनीने उत्तराखंडच्या मंडळाच्या मागणीला न्यायालयात आव्हान दिले. २१ डिसेंबर २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय कंपन्यांनाही हा वाटा देणे आहे. त्यानंतर देशभरच्या लहानमोठ्या उत्पादकांत धास्ती पसरली. मोठ्यांकडे वकील असतात. लहानांकडे सल्लागार येतात आणि काही सल्लागार भीतीचाच धंदा करतात.

मग बदल झाला. डिसेंबर २०२१ मध्ये कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत आले. ते संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले आणि तेथे निरनिराळ्या पक्षांचे म्हणणे ऐकले गेले. २०२३ साली दुरुस्ती मंजूर झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिच्यात वैद्य, हकीम आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सक, जे उपजीविकेसाठी देशी वैद्यक करतात, त्यांना राज्य मंडळाला आगाऊ कळवण्याच्या अटीतून सूट मिळाली. ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पती यांनाही सूट मिळाली. पूर्वी या कलमाच्या भंगासाठी तुरुंगवासाची तरतूद होती, तिच्या जागी आर्थिक दंड आला. मात्र हा दंड १ लाखापासून सुरू होतो, हे विसरू नये.

२९ एप्रिल २०२५ रोजी वाटा देण्याचे नवे विनियम निघाले. त्यांत मोजपट्टीच बदलली. वर्षाची उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर वाटा शून्य. ५ ते ५० कोटींना ०.२ टक्का, ५० ते २५० कोटींना ०.४ टक्का आणि २५० कोटींच्या वर ०.६ टक्का. जुना आणि नवा हिशेब शेजारी मांडू. ५० लाखांच्या विक्रीला पूर्वी ५,००० रुपये होते, आता काही नाही. ४ कोटींच्या विक्रीला पूर्वी ०.५ टक्क्याने २ लाख होते, आता काही नाही. ६ कोटींना पूर्वी ३ लाख, आता १ लाख २० हजार. उलट ३०० कोटींच्या कंपनीला पूर्वी दीड कोटी, आता १ कोटी ८० लाख. लहानाच्या खांद्यावरचे ओझे उतरले आणि ज्याचा खांदा रुंद त्याच्यावर थोडे वाढले. चांगल्या शुल्काची रचना अशी असते.

चंदन, रक्तचंदन, अगर अशा फार मोलाच्या वनस्पतींचा हिशेब वेगळा आहे. त्यांत किमान ५ टक्क्यांपासून पुढे वाटा धरला जातो. आपले जे बांधव अत्तराच्या धंद्यात आहेत आणि अगर किंवा चंदनाचे तेल काढतात, त्यांनी ५ कोटींची सूट वाचून निर्धास्त होऊ नये. आपला कच्चा माल कोणत्या यादीत येतो ते आधी पाहावे.

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये माल घेणाऱ्या बांधवांनी एक फरक ध्यानात ठेवावा. काही वनस्पती नेहमीच्या व्यापारी जिन्नस म्हणून विकल्या जातात. केंद्र सरकारने त्यांची यादी काढून त्यांना या कायद्यातून सूट दिली आहे. पण ही सूट माल जिन्नस म्हणून विकण्यापुरती आहे. तीच वस्तू औषधाचा कच्चा माल म्हणून भट्टीत गेली की प्रश्न वेगळा होतो. म्हणून किराणा व्यापारी आणि दवासाज यांनी एकमेकांचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू होतो असे धरू नये.

कॅनडातले उदाहरण

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. कॅनडात नैसर्गिक आरोग्य उत्पादनांसाठी स्वतंत्र नियम १ जानेवारी २००४ पासून लागू आहेत. जडीबुटीची औषधे, जीवनसत्त्वे, पारंपरिक औषधे ही सर्व त्यांत येतात. तेथील आरोग्य खात्याने २०२३ साली प्रस्ताव मांडला की या मालाच्या तपासणीचा खर्च उत्पादकांकडून शुल्करूपाने घ्यावा. शुल्क तीन ठिकाणी : नवीन जिन्नसाच्या अर्जावर, कारखान्याच्या जागेच्या परवान्यावर, आणि माल विकण्याच्या हक्कासाठी दर जिन्नसामागे दरवर्षी. लहान धंद्यांना काही सवलतही प्रस्तावात होती. तरीही लहान उत्पादकांनी आणि दुकानदारांनी जोराचा विरोध केला.

वर सांगितलेल्या मोजपट्ट्या लावून पाहिले म्हणजे हा विरोध का झाला ते कळते. पहिला आणि दुसरा प्रकार तेथे एकत्र आला होता. ज्याच्याकडे थोड्या खपाचे पुष्कळ जिन्नस, त्याच्यावर सर्वांत जास्त भार. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी येथून माल पाठवणाऱ्यांनीही याकडे लक्ष ठेवावे. तिकडच्या आयातदाराला जिन्नसामागे शुल्क पडले तर तो यादी छाटतो, आणि ती कात्री शेवटी येथल्या कारागिराच्या मालाला लागते.

शुल्क नकोच, असे म्हणता येते काय?

आम्ही शुल्काच्या विरोधात लिहीत आहोत असा कोणी समज करून घेऊ नये. दवा ही कापडासारखी नाही. कापडाचा रंग गेला तर गिऱ्हाईक भांडून जाईल. दवेत खोट निघाली तर माणूस जाईल. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या परिसरात दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक जिन्नसांच्या तपासणीचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक यांसारखे जड धातू सापडले. तो निष्कर्ष जगभर छापून आला. पुढे भारत सरकारने निर्यातीच्या मालासाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली. ज्यांचा माल शुद्ध होता त्यांनाही इतरांच्या चुकीची किंमत मोजावी लागली.

म्हणजे तपासणी हवी, आणि तपासणीला पैसा लागतो. प्रश्न इतकाच की तो पैसा कोणाकडून, किती आणि कोणत्या मापाने घ्यायचा. शुल्क बेताचे असेल तर कारागीर परवान्याच्या आत राहतो आणि सरकारला त्याचा माल तपासता येतो. शुल्क बेसुमार झाले तर तो चारपैकी एक वाट धरतो. किंमत वाढवतो आणि गिऱ्हाईक गमावतो. थोड्या खपाचे जिन्नस बंद करतो. औषधाचा माल खाद्यपूरक म्हणून विकू पाहतो. किंवा परवाना सोडून आडवाटेने धंदा करतो. यांतली चौथी वाट सर्वांत वाईट. तिने गिऱ्हाइकाचा जीव, आपली अब्रू आणि सबंध धंद्याचे नाव धोक्यात येते. गिऱ्हाईक विश्वासाने दवा घेते. तो विश्वास ही आपल्याकडची अमानत आहे. शुल्क जड आहे ही सबब तेथे चालत नाही.

तिसऱ्या वाटेबद्दलही सावध राहावे. खाद्यपदार्थांचे परवाने भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांखाली येतात. २०११ च्या विनियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढालीच्या लहान धंद्याला १०० रुपयांत नोंदणी होती आणि केंद्रीय परवान्याला वर्षाला ७,५०० रुपये होते. हे पाहून काहींना वाटते की आपला माल त्या १०० रुपयांत बसेल. पण खाद्यपूरक मालासाठी २०१६ साली वेगळे विनियम निघाले आहेत आणि त्यांच्या अटी साध्या शरबत-मुरंब्याच्या नाहीत. अशा मर्यादा आणि रकमा वेळोवेळी बदलतात, तेव्हा अर्ज करण्याच्या दिवशीचा आकडा पाहावा.

बदल नेहमी तोट्याचाच असतो असेही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांच्या परवान्याचे नियम बदलले. एकदा शुल्क भरले की जिन्नसाचा परवाना कायमचा आणि दरवर्षी फक्त स्वतःची घोषणा ऑनलाइन द्यायची, अशी सोय झाली. परवाना देण्याची मुदत ३ महिन्यांवरून २ महिन्यांवर आली. आमच्या मित्राने या घोषणेचे काम एका ओळखीच्या मुलाकडून करून घेतले होते. त्यात काय भरले आहे ते त्यांनी स्वतः वाचले नव्हते. ती चूक त्यांनी आता सुधारली.

आमच्या धंद्यातला अनुभव

मसुद्याच्या किंवा घोषणेच्या वेळी बोलले तर काय होते, याचा अनुभव कापडवाल्यांना आहे. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी अधिसूचना निघाली की १ जानेवारी २०२२ पासून कापडावरील जीएसटी ५ वरून १२ टक्के होणार. हातात सहा आठवडे होते. आम्ही आमच्या दुकानाचा हिशेब मांडला. कमी किमतीच्या कापडावर, जे गावातला कामगार माणूस घेतो, तेथेच मार बसणार होता. भिवंडी, सुरत, मालेगाव, जेथे तेथे व्यापारी आणि यंत्रमागवाले बोलू लागले. निवेदने गेली, राज्य सरकारांनीही म्हणणे मांडले. ३१ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे लागू होण्याच्या आदल्या दिवशी, जीएसटी परिषदेने ती वाढ पुढे ढकलली.

त्या वेळी नुसता आरडाओरडा करणारेही होते आणि आकडे घेऊन बोलणारेही होते. "आम्ही मेलो" असे म्हटले तर अधिकारी सहानुभूतीने मान हलवतो आणि फाइल बंद करतो. "अमुक किमतीच्या तागावर अमुक रुपये वाढतील, अमुक गिऱ्हाईक तुटेल" असे लिहून दिले तर त्याला ते फाइलला लावावे लागते. दवासाज बांधवांनी यातून हेच घ्यावे.

मसुदा हाती आला की काय करावे

कायदा किंवा नियम बदलताना सरकार बहुधा आधी मसुदा प्रसिद्ध करते आणि हरकती व सूचना मागवते. किती दिवसांत पाठवायच्या आणि कोणत्या पत्त्यावर, हे मसुद्यातच लिहिलेले असते. ती मुदत गेली की मग फक्त कोर्टाची पायरी उरते, आणि ती लहान माणसाला परवडत नाही. म्हणून पुढील गोष्टी कराव्या.

१. तारीख आणि नाव पाहा. कागद मसुद्याचा आहे की अंतिम नियमाचा, जुना आहे की नवा, हे आधी ठरवा. २०१४ चा कागद २०२५ नंतर दाखवून कोणी पैसे मागत असेल तर तेथेच थांबा.

२. मोजपट्टी शोधा. जागेवर, जिन्नसावर, विक्रीवर की खरेदीवर? एकदाच की दरवर्षी? टप्पे असतील तर वरचा टक्का सगळ्या रकमेवर की वाढीव रकमेवर?

३. सूट वाचा. उलाढालीची मर्यादा, हकीम-वैद्यांची सूट, लागवडीच्या मालाची सूट. लागवडीच्या मालासाठी उगमाचा दाखला लागतो, तो जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून घ्यायचा असतो. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि महानगरपालिकेने अशी समिती नेमावी असे कायदा सांगतो. आमचे घणसोली आता ग्रामपंचायतीत नाही, नवी मुंबई महानगरपालिकेत आहे. तेव्हा माल जेथे पिकला तेथील समिती विचारावी, आपण राहतो तेथील नव्हे.

४. जिन्नसवार हिशेब मांडा. एका वहीत प्रत्येक जिन्नसापुढे वर्षाची विक्री, कच्च्या मालाची खरेदी, सुटणारा नफा आणि पडणारे शुल्क असे चार रकाने करा. कोणता जिन्नस शुल्कामुळे बुडतो ते तुम्हाला एका संध्याकाळी कळेल.

५. हरकत लेखी द्या आणि मार्गही सुचवा. "शुल्क रद्द करा" एवढेच लिहू नका. "अमुक विक्रीपर्यंत सूट द्या", "जिन्नसाऐवजी विक्रीवर आकारा", "हप्ते द्या" असे काही सुचवले तर म्हणणे वजनदार होते. भाषा मराठी असो की हिंदी, साधी असू द्या.

६. एकट्याने न लिहिता आठ-दहा जणांनी मिळून लिहा. प्रत्येकाने आपला आकडा द्यावा. पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.

७. खरेदीची बिले सांभाळा. जडीबुटी कोणाकडून, कोठून, किती घेतली हे ज्याच्याकडे कागदावर आहे, त्याला सूट मागता येते. शुल्क शून्य असले तरी विवरण देण्याची जबाबदारी वेगळी असू शकते. तीही तपासावी.

हे सर्व करायला वकील लागत नाही. एक वही, एक शांत संध्याकाळ आणि वाचून दाखवणारा एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी पुरे. आपल्या घरांतली मुले आज कॉलेजात शिकत आहेत. त्यांना दुकानाच्या हिशेबाला बसवण्याची ही चांगली संधी आहे.

शेवटी

आमच्या मित्राचे काय झाले, हे सांगून लेख संपवतो. त्यांनी ११ जिन्नसांची वही केली. चालू विनियमांप्रमाणे त्यांची उलाढाल ५ कोटींच्या फार खाली, म्हणून नवा वाटा त्यांना लागत नाही, हे स्पष्ट झाले. मागच्या वर्षांबद्दल त्यांनी तोंडी कोणाचे ऐकले नाही. मंडळाला स्वतःच्या सहीने अर्ज लिहून विचारणा केली, आपली विक्री जशी होती तशी मांडली आणि अर्जाची पोच फाइलला लावली. देणे निघाले तर विक्रीच्या मार्गाने किती होईल, तो आकडा त्यांनी काढून ठेवला आहे आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवली आहे. सल्लागाराला नकार कळवला.

वडिलांच्या नुस्ख्याचे ते दोन अर्क बंद झाले नाहीत. त्यांतल्या एकाचा खप वर्षाला जेमतेम काही हजारांचा आहे. उद्या एखादा नवा मसुदा आला आणि जिन्नसामागे शुल्क लागले, तर हाच अर्क पहिला जाईल, हे आता त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून वही त्यांनी गल्ल्याजवळच ठेवली आहे. बांधवांनो, आपणही अशी एक वही आजच करावी.